फार्गो ते कोल्हापूर : १२,९०० किलोमीटर आणि ५० तास

जानेवारीतली मंगळवारची संध्याकाळ. फार्गोत सात वाजले होते, कोल्हापुरात बुधवारची सकाळ साडेसहाची. काकांचा फोन आला. आजी गेली. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तोंड बघायला थांबायचं काय रं तुझ्यासाठी?"

परदेशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाला या प्रश्नाची मनातून भीती असते.

मी नॉर्थ डकोटातल्या फार्गोत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. इथला विमानतळ छोटा आणि उजळाईवाडीचा आपला कोल्हापूरचाही छोटाच. दोन्हींचे अक्षांश-रेखांश घेऊन सरळ हवाई अंतर काढलं तर ते सुमारे १२,९०० किलोमीटर भरतं. ही रेषा उत्तर ध्रुवापासून जेमतेम सातशे किलोमीटरवरून जाते. ताशी ९०० किलोमीटरने थेट विमान असतं, तर साडेचौदा तासांत घरी! संगणकावर अंतर शोधलं की हाच आकडा दिसतो आणि घरच्यांनाही तोच खरा वाटतो.

पण असं विमान नाही. माझा मार्ग फार्गो, मिनिॲपोलिस, ॲमस्टरडॅम, मुंबई, कोल्हापूर असा. टप्प्यांची बेरीज साधारण १४,२०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा दहा टक्के जास्त. अंतर फारसं वाढतच नाही. वेळ जातो तो जमिनीवर. मिनिॲपोलिसहून युरोपला जाणारी विमानं दुपारनंतरची, त्यामुळे मंगळवारची रात्र फार्गोतच काढावी लागली. उणे पंचवीस तापमानात पंखांवरचा बर्फ औषध फवारून काढल्याशिवाय विमान हलत नाही. पुढे ॲमस्टरडॅमला ताटकळणं, मुंबईत इमिग्रेशनची रांग. आणि सगळ्यात अवघड टप्पा शेवटचा, अवघ्या तीनशे किलोमीटरचा. मला हवं होतं तेव्हा मुंबई-कोल्हापूर विमानच नव्हतं.

हे सगळं मी त्या फोनवरच मनात मोजलं आणि म्हणालो, "काका, थांबू नका."

मुंबईत उतरल्यावर रात्री दीडला गाडी केली. खंबाटकी, सातारा, कराड करत शुक्रवारी सकाळी नऊला घरी पोचलो. प्रवास ३४ तासांचा झाला : हवेत साडेसतरा, गाडीत साडेसात आणि विमानतळांवर नऊ. काकांच्या फोनपासून मोजले तर ५० तास. तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर उभा राहू शकलो, एवढंच.

तेव्हापासून काही गोष्टी पक्क्या केल्यात. तिकीट बघताना आधी शेवटचा टप्पा बघायचा, मुंबईचा नंतर. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यायचा, म्हणजे मधलं विमान चुकलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या तारखा दर सहा महिन्यांनी तपासायच्या. आणि घरच्यांना खरा आकडा आधीच सांगून ठेवायचा.

आईला मी तो सांगितला. ती म्हणाली, "पन्नास तास? मग सुट्टीला जरा जास्त दिवस येत जा की."

यंदा तीन आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांची रजा टाकली आहे.