दाबला की सोनेरी होणारा काळा स्फटिक

सॅमेरियम सल्फाइडबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती चक्क थाप वाटली. काळाकुट्ट स्फटिक, जोरात दाबला की सोन्यासारखा चमकतो! आणि नुसता रंग बदलत नाही. आधी तो सेमीकंडक्टर असतो, दाबल्यावर धातूसारखी वीज वाहून नेतो.

सॅमेरियम हे रेअर अर्थ घराण्यातलं. तुमच्या फोनच्या स्पीकरमधल्या चुंबकात असलेलं निओडिमियम त्याचंच भावंड. या घराण्याची खासियत म्हणजे ४एफ इलेक्ट्रॉन. ते अणूच्या आत खोलवर, अगदी घरकोंबड्यासारखे बसून असतात. शेजारच्या अणूंशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही, त्यामुळे वीज वाहण्यातही सहभाग नाही. काळ्या स्फटिकात प्रत्येक सॅमेरियमकडे असे ६ इलेक्ट्रॉन असतात.

आता दाब द्या. अणू जवळ सरकतात, बाहेरच्या ५डी इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा रुंदावतो आणि त्याची खालची कड ४एफच्या पातळीपर्यंत उतरते. मग आतला एक इलेक्ट्रॉन बाहेर यायला लागतो. खरी गंमत पुढे आहे. आतला इलेक्ट्रॉन निघाला की उरलेल्यांवर केंद्रकाची ओढ वाढते, अणू आणखी आक्रसतो, म्हणून शेजारी आणखी जवळ येतात आणि आणखी इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यामुळे हा बदल हळूहळू न होता एकदम होतो. आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी घटतं, पण अणूंची मांडणी तीच राहते, आपल्या मिठासारखी. मात्र तो इलेक्ट्रॉन पूर्ण सुटतो असं समजू नका. तो आत-बाहेर अशा अधल्यामधल्या अवस्थेत राहतो.

यासाठी दाब लागतो साधारण ६,५०० वातावरणांइतका. मारियाना गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या जवळपास सहापट. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ए. जयरामन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. जयरामन त्याआधी बंगळूरुला सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करत होते. आणि हो, स्फटिकाला नुसतं पॉलिश केलं तरी वरचा थर सोनेरी होतो! तापवला की परत काळा.

याचंच भावंड सॅमेरियम सेलेनाइड. त्यात असा झटका बसत नाही, दाब वाढेल तसा विद्युतरोध उतरत जातो. आयबीएमच्या संशोधकांनी यावरून एका वेगळ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली: व्होल्टेज दिलं की एक पदार्थ किंचित फुगतो, सेलेनाइडचा पातळ थर दाबतो आणि प्रवाह सुरू होतो. कमी व्होल्टेजवर चालणारी चिप, म्हणजे बॅटरीचीही बचत, हा त्यामागचा हेतू. तुमच्या फोनमध्ये मात्र आजही साधे सिलिकॉनचेच ट्रान्झिस्टर आहेत.