भिंतीच्या अलीकडे लोखंड, पलीकडे पुस्तक

मुंबईच्या एका उपनगरातील वस्तीत समाजमंदिराची एक खोली व्यायामशाळेला आणि तिला लागूनची खोली अभ्यासिकेला दिलेली आहे. मधली भिंत एका विटेची. संध्याकाळी सात वाजले की भिंतीच्या अलीकडे बारवर प्लेटा चढतात आणि पलीकडे बारावीची, पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची मुले-मुली पुस्तके उघडतात. दोन्ही खोल्या वस्तीने वर्गणी काढून उभ्या केल्या. गेल्या पावसाळ्यात या दोन खोल्यांत भांडण लागले आणि ते मिटवण्यासाठी जी बैठक झाली तिला आम्हीही हजर होतो. तेथे जे ऐकले ते आणखी कितीतरी वस्त्यांत घडत असेल, म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

तक्रार साधी होती. अभ्यासिकेतल्या मुलींनी लिहून दिले होते की, व्यायामशाळेतली मुले वजन उचलताना मोठ्याने ओरडतात आणि सेट संपला की बार धाडकन जमिनीवर टाकतात. वाचलेले डोक्यात राहत नाही. व्यायामशाळेतल्या मुलांचे म्हणणे होते, "आवाज निघाल्याशिवाय जड वजन उठत नाही. आम्ही काय मुद्दाम करतो?" एक जण जरा चिडूनच म्हणाला, "दिवसभर कामावर मुकादमाचं गप ऐकून घ्यायचं. इथं आल्यावर पण गपच बसायचं का?"

हे शेवटचे वाक्य आम्हाला लागले. ते उद्धटपणाचे म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून आधी या मुलांच्या बाजूने काय खरे आहे ते पाहू.

जोर लावताना तोंडातून आवाज निघणे हे ढोंग नव्हे. आपल्या वडिलधाऱ्यांनी गोदीत आणि गोदामांत शंभर शंभर किलोची पोती पाठीवर घेतली, रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलले. रूळ उचलताना एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी त्या हाकेवर एकदम जोर लावायचा, ही रीत होती. हाक चुकली तर कुणाचा तरी पाय रुळाखाली जायचा. घण मारणारा लोहारही घाव घालताना श्वास सोडतो आणि त्याचा आवाज होतो. वजन उचलताना आपण छातीत हवा कोंडतो, पोट आवळतो, त्यामुळे पाठीच्या कण्याला आधार मिळतो. मग जोर लागतो तशी ती कोंडलेली हवा अर्धवट मिटलेल्या कंठातून बाहेर पडते आणि 'हं' असा आवाज येतो.

आवाजाने ताकद वाढते का, हेही शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाताने ओढताना माणूस ओरडला तर त्याचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०१४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, कॉलेजातील टेनिसपटू आवाज काढून चेंडू मारतात तेव्हा चेंडूचा वेग सुमारे ५ टक्के जास्त भरला. म्हणजे "आवाजाने वजन उठते" हे त्या मुलांचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

उलट, आवाज दाबायचा म्हणून श्वासच कोंडून धरणे धोक्याचे आहे. १९८५ साली कॅनडात शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब वजन उचलत असताना मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२० वर २५० इतका चढला. बसल्या जागी निरोगी माणसाचा रक्तदाब १२० वर ८० च्या आसपास असतो, हे घरोघरी ठाऊक आहे. काही क्षणांपुरता चढलेला हा दाब तरुण, निरोगी शरीर सोसते. पण ज्याला रक्तदाबाचा त्रास आहे त्याने श्वास कोंडून जड वजन उचलूच नये. जोर लावताना श्वास सोडावा, वजन खाली आणताना घ्यावा, हा साधा नियम नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवला पाहिजे. त्या श्वासाबरोबर थोडा आवाज आला तर कुणी नाक मुरडू नये.

अमेरिकेत प्लॅनेट फिटनेस नावाची जिमची साखळी आहे. तेथे कुणी फार आवाज केला किंवा वजन आदळले तर भोंगा वाजवतात. २००६ साली न्यूयॉर्क राज्यात त्यांच्या एका जिममधून, वजन उचलताना आवाज काढला म्हणून एका सभासदाला बाहेर काढले आणि त्याचे सभासदत्व रद्द केले. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. नवख्या माणसाला भीती वाटू नये हा त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. पण माणसावर भोंगा वाजवून त्याला चारचौघांत लाजवणे आम्हाला पटत नाही. आपल्या वस्तीत तरी तसे काही होऊ नये.

मग अभ्यासिकेतल्या मुलींची तक्रार चुकीची होती का? मुळीच नाही. २०१० साली कॅनडातच आणखी एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना टेनिसच्या फटक्यांची चित्रफीत दाखवून चेंडू कोणत्या बाजूला जाईल ते झटपट सांगायला लावले. फटक्याच्या क्षणी मोठा आवाज ऐकवला की त्यांची उत्तरे उशिरा येत आणि चुकाही वाढत. म्हणजे जो आवाज काढणाऱ्याला थोडे बळ देतो, तोच ऐकणाऱ्याचे लक्ष काढून घेतो. फायदा एकाचा आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, असा हा हिशेब आहे. आणि आपल्या व्यायामशाळेत ऐकणारा हा प्रतिस्पर्धी खेळाडू नसतो. तो आपलाच भाऊ, आपलीच बहीण असते.

लोखंड आदळण्याची गोष्ट तर वेगळीच आहे. त्याला श्वासाचे कारणही देता येत नाही. मुले सांगतात, "टीव्हीवर मीराबाई चानू पण बार खाली टाकते." खरे आहे. मीराबाईने टोकियोत २०२१ साली एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. पण स्पर्धेत प्लेटांना रबर असते, खाली खास बांधलेला चौथरा असतो आणि पंचांनी खूण केल्यावरच बार खाली आणायचा असतो. तोही खांद्याच्या खाली येईपर्यंत हातातून सोडता येत नाही. आपल्याकडे खाली फरशी आणि हातात बिडाच्या प्लेटा. फरशी फुटते, बार वाकतो, कधी कुणाचे बोट चिरडते. आदळण्याचा हा हादरा जमिनीतून आणि भिंतीतून जातो, त्यामुळे खिडक्या लावून तो थांबत नाही. शिवाय वजन सावकाश खाली आणण्यातही स्नायूंना मोठे काम पडते, त्यातूनही ताकद वाढते. जो बार वरूनच सोडून देतो तो निम्मा व्यायाम फुकट घालवतो.

बैठकीत हे सारे बोलणे झाले, तरी मुलांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या नव्हत्या. तेव्हा व्यायामशाळेचे जुने उस्ताद उठले. आयुष्यभर गिरणीत काम केलेला हा माणूस फार बोलत नाही. ते मघाशी चिडलेल्या त्या मुलाला म्हणाले, "तू जा, पलीकडं बस. पुस्तक घे पुढ्यात. मी इकडं तुझाच सेट मारायला लावतो दुसऱ्याला." मुलगा गेला. इकडे दुसऱ्याने नेहमीसारखे ओरडून बार टाकला. असे तीनदा झाले. मुलगा परत आला तेव्हा एवढेच म्हणाला, "उस्ताद, बाकावरचा पेन उडतो हो."

त्यानंतर एक मुलगी बोलली. आतापर्यंत ती मागे बसून होती. ती म्हणाली, "दादा, व्यायामशाळा बंद करा असं आमचं म्हणणं नाही. मला भरतीला गोळाफेक आहे, मलाच व्यायाम करायचाय. पण बाहेरून तो आरडाओरडा ऐकला की दारातनं आत पाय टाकायचं धाडस होत नाही."

सभा गप्प झाली. भांडण अभ्यासाचे आहे असे आम्ही सगळेच समजत होतो. त्या आवाजाने दारही बंद होते, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. कामावर मुकादमापुढे गप बसावे लागते याची चीड ज्याला आहे, त्यानेच दुसऱ्याला दारात गप उभे करावे, हे बरोबर नाही. तो मुलगाही हे समजला असावा. त्याने मान खाली घातली होती.

मग जे ठरले ते असे. जोर लावताना सहज निघेल तेवढा श्वासाचा आवाज चालेल. आरोळी, शिवी, आणि फोनवर चित्रण करण्यासाठी केलेला आरडाओरडा चालणार नाही. बार आणि डंबेल्स हातानेच खाली ठेवायचे. जे वजन खाली ठेवता येत नाही ते आपल्याला जड आहे असे समजून एक प्लेट काढायची. जड बेंचप्रेसला आणि स्क्वॉटला मागे एक जण उभा राहिलाच पाहिजे. पण धोका वाटला तर बेधडक ओरडायचे, त्याला कसलीही बंदी नाही. डेडलिफ्टच्या जागी जाड रबरी चटया टाकायच्या आणि ती जागा अभ्यासिकेच्या भिंतीपासून दूरच्या कोपऱ्यात न्यायची. गाणी मोठ्याने लावायची नाहीत. परीक्षेच्या महिन्यांत जड वजनाचा व्यायाम सकाळी करायचा. आणि सकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवायचा. चटयांसाठी वर्गणी निघाली तेव्हा अभ्यासिकेतल्या मुलांनीही दहा-वीस रुपये घातले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

घरोघरच्या आई-वडिलांनाही दोन शब्द. पुष्कळ मुले आता घरातच डंबेल्स आणतात. चाळीत किंवा इमारतीत वरच्या मजल्यावर रात्री अकराला डंबेल जमिनीवर टेकला तरी खाली रात्रपाळीला निघण्यापूर्वी घटकाभर आडवा झालेला माणूस दचकून उठतो. खाली जुनी सतरंजी चौपदरी घालावी, वजन हळू ठेवावे आणि रात्री दहानंतर व्यायाम करू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा मानलेला आहे आणि राहत्या वस्तीत त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. पण शेजारधर्माला डेसिबल मोजण्याचे यंत्र लागत नाही. एकदा खालच्या मजल्यावर जाऊन "काका, आवाज येतो का?" असे विचारले तरी पुरते.

आणि मुलाला नुसते "गप बस" म्हणू नका. त्याला पलीकडच्या खोलीत नेऊन बसवा. स्वतःच्या कानांनी ऐकले की तो आपोआप समजतो.

परवा आम्ही पुन्हा त्या वस्तीत गेलो होतो. अभ्यासिकेत पाने उलटण्याचा आवाज होता. भिंतीपलीकडून मधूनच 'हं' असा हुंकार येत होता, आणि कुणी मान वर करून पाहत नव्हते. सकाळच्या तासाला चार मुली येतात, असे उस्तादांनी सांगितले. गोळाफेकवालीने आता बारला दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा लावल्या आहेत. "जोर लावताना ती पण आवाज काढते," उस्ताद म्हणाले, "पण बार हातानं खाली ठेवते."