गोल्फमध्ये चेंडू पाण्यात गेला तर? टायगर वूड्सला महागात पडलेले दोन यार्ड

२०१३ ची मास्टर्स स्पर्धा, अमेरिकेतील ऑगस्टा. दुसऱ्या फेरीत १५ व्या होलवर टायगर वूड्सचा चेंडू झेंड्याच्या काठीवर आदळला आणि उलटा येऊन पाण्यात गेला. एका फटक्याचा दंड घेऊन तो आधीच्या जागी परतला. चेंडू मात्र त्याने दोन यार्ड मागे टाकला आणि मुलाखतीत ते स्वतःच सांगितले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फटक्यांचा दंड बसला. ७१ चा स्कोअर ७३ झाला. चुकीच्या स्कोअरकार्डवर सही केल्याने तो बादही होऊ शकला असता, पण समितीने ते टाळले.

नियम काय सांगतो?

तळे, ओढा अशा भागांना २०१९ पासून ‘पेनल्टी एरिया’ म्हणतात. चेंडू आहे तिथूनच खेळला तर दंड नाही. बाहेर काढायचा असेल तर एका फटक्याच्या दंडात हे पर्याय मिळतात:

• आधीचा फटका जिथून मारला, तिथे परत जाणे.
• चेंडू जिथे हद्द ओलांडून आत गेला, ती जागा आणि होल यांच्या सरळ रेषेत हवे तितके मागे जाणे.
• खुणा लाल असतील तरच तिसरा पर्याय: हद्द ओलांडलेल्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, पण होलच्या जवळ न जाता.

चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा.

वूड्सचे काय चुकले?

हवे तितके मागे जाण्याची मुभा दुसऱ्या पर्यायात आहे. त्याने निवडला होता पहिला. तेव्हा त्यात मूळ जागेच्या शक्य तितके जवळ राहणे बंधनकारक होते. आता एका क्लबच्या लांबीची सवलत आहे. दोन यार्ड त्यातही बसत नाहीत.