अनवाणी गायिकेचे मोल

अटलांटिक महासागरातील केप व्हर्दे हा दहा बेटांचा देश. वस्ती जेमतेम पाच लाखांची. आमचा गोवा १९६१ मध्ये पोर्तुगीज जोखडातून सुटला, त्या बेटांना १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणूनच तेथील गायिका सेझारिया एव्होरा हिची कहाणी आम्हांस परकी वाटत नाही.

मिंदेलो बंदरातील गुत्त्यांतून ती 'मोर्ना' ही विरहगीते गाई. त्यावर घर चालेना म्हणून स्वातंत्र्यानंतर सुमारे दहा वर्षे तिने गाणेच सोडले. (स्वराज्य आले म्हणजे चूल पेटतेच असे नाही, हे आम्हीही अनुभवले आहे.) पुढे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९८८ मध्ये, तिची ध्वनिमुद्रिका पॅरिसहून निघाली, २००४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक लाभले. जगाच्या रंगमंचावर ती अनवाणीच उभी राहिली आणि राजभाषा पोर्तुगीज असताना मुख्यतः बेटांच्या क्रिओल बोलीतच गायिली. मोठ्यांची भाषा उचलल्यावाचून जग कान देत नाही, हा समज तिने खोटा ठरविला.

तथापि एक गोष्ट सलते. तिचे मोल ठरले ते पॅरिसात. मिंदेलोने तिला ऐकले, पोसले मात्र नाही. तेथील विमानतळास तिचे नाव मिळाले २०१२ मध्ये, तिच्या निधनानंतर.

आपल्याकडे तरी निराळे काय घडले? साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४९ मध्ये लंडनला गेले. त्यांचे १९५९ चे 'क्रुसिफिक्शन' हे चित्र आज तेथील टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. साळगावच्या पोराने ते कोठे पाहावे?