उरणचा संगणक : नवा न घेता जुनाच का दुरुस्त केला?



मागच्या गट सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले, "उरणच्या खोलीतला कॉम्प्युटर २००८ सालचा. त्याच्यावर पुन्हा तीन हजार चारशे रुपये कशाला घातले? भंगारात पैसे टाकले म्हणायचे का?" प्रश्न रास्त आहे, कारण पैसा सभासदांचा आहे. सभेत वेळ अपुरा पडला आणि आमचे उत्तर अर्धवट राहिले. ते येथे सविस्तर देत आहोत. पुष्कळ सभासदांच्या घरी आणि सोसायट्यांतही अशीच यंत्रे धूळ खात पडली आहेत, त्यांनाही या माहितीचा उपयोग होईल.

रायगडच्या किनाऱ्यावर आपल्यासारखा उसाचा पट्टा नाही. तिकडे भात, मिठागरे आणि मासळी. परंतु आपली साखर परदेशी निघाली की ती न्हावा-शेव्यालाच जहाजावर चढते. १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर ते हेच. बंदरात जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवण्यासाठी उरणला आपली भाड्याची एक खोली आहे. जून २०२२ पासून केंद्र सरकारने साखर निर्यातीवर मर्यादा घातली, तेव्हापासून तेथले काम पहिल्यासारखे बारमाही राहिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये देशभरासाठी १० लाख टनांची परवानगी आली, तशी मधूनच घाई उडते. अशा खोलीत तीस-पस्तीस हजारांचा नवा संच नेऊन ठेवावा, हे आमच्या मनाला पटेना.

पण जुना संगणक खरोखरच चालेनासा झाला होता. २००८ मध्ये तो घेतला तेव्हा पोत्यांचा आकडा टाइप करून कागद छापायचा, एवढेच त्याचे काम होते. २०१८ पासून ई-वे बिल आले. आता प्रत्येक गाडीचे बिल इंटरनेटवर भरावे लागते. तेथील कारकुनाने एक पान उघडायला घेतले की बाहेर ड्रायव्हर चहा पिऊन परत येई, तरी पान अर्धेच उघडलेले असे. घाईच्या दिवसांत गाड्या रस्त्याला उभ्या राहात. गाडी खोळंबली की तिचे भाडे चढते आणि ते अखेर उसाच्या हिशेबातच येते.

आता दुखणे कुठे होते ते बघा. संगणकाचे सगळे गणित प्रोसेसर नावाच्या चौकोनी तुकड्यात होते. आपल्या संचात इंटेलचा 'सेलेरॉन ४२०' होता. त्याला गाभा एकच, वेग १.६ गिगाहर्ट्झ. एक गाभा म्हणजे गेटवर एकच वजनकाटा. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो की ट्रक, सगळे एकाच रांगेत. कारकून बिल भरत असतो आणि त्याच वेळी व्हायरस तपासणारा प्रोग्राम मध्येच आपली गाडी काट्यावर घालतो. मग बाकीचे ताटकळतात. ड्युअल-कोर म्हणजे एकाच आवारात दोन काटे. एकावर व्हायरसची तपासणी चालू दे, दुसऱ्यावर बिल निघू दे.

मात्र हंगामात ज्याने गेटवर रात्र काढली आहे त्याला एक गोष्ट सांगायला नको. काटे दोन केले आणि पुढे गव्हाणीलाच मोळी घ्यायची ताकद नसेल, तर रांग काट्यामागची काट्यापुढे जाते, एवढाच फरक. संगणकाची गव्हाण म्हणजे त्याची मेमरी आणि डिस्क. आपल्या संचात मेमरी १ जीबी आणि डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. नुसता प्रोसेसर बदलून भागले नसते. उलट आमचे मत विचाराल तर, हातात पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी डिस्क बदलावी, प्रोसेसर नंतर. दुकानदार असे सांगत नाहीत हा भाग वेगळा.

प्रोसेसर जुना घेण्याचे कारण असे की नवे प्रोसेसर या मदरबोर्डावर बसतच नाहीत. आपल्या बोर्डाची बैठक '७७५' या जातीची. तिला बसणारे ड्युअल-कोर प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात, आणि तेही स्वस्तात. पण बैठक जुळली म्हणजे झाले, असे समजू नये. टायरचे माप बरोबर आहे म्हणून कोणतीही ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला चालत नाही, तसेच हे. बोर्डावरचा चिपसेट पाहावा लागतो. ९१५ चिपसेट असेल तर ड्युअल-कोरचा नाद सोडावा. ९४५ असेल तर बोर्डागणिक वेगळे उत्तर येते. आपल्याकडे 'जी ३१' आहे, त्याला 'कोर टू ड्युओ' चालतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत प्रोसेसरचे नाव आणि त्यापुढे बायोसचा क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक आम्ही पाहिला नाही. आमची चूक तिथेच झाली.

आमच्यापैकी दोघे मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. मुंबईत जुन्या-नव्या इलेक्ट्रॉनिक मालाचा तो मोठा बाजार. तेथून 'कोर टू ड्युओ ई ७४००' घेतला. वेग २.८ गिगाहर्ट्झ, गाभे दोन, आणि आतला हाताशी असलेला साठा, ज्याला कॅशे म्हणतात, तो ३ एमबी. जुन्या सेलेरॉनमध्ये हाच साठा अवघा अर्धा एमबी होता. परत यायला उशीर झाला. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो आणि लाँच थांबते, हे ध्यानात राहिले नव्हते. रात्री प्रोसेसर बसवला, बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काळाच. बाजारात फसलो असेच वाटले. दुकानदाराच्या नावाने जे काही बोलणे झाले ते येथे छापण्यासारखे नाही.

दुकानदाराचा दोष नव्हता. हा प्रोसेसर निघाला त्याच्या आधीचे बायोस आपल्या बोर्डात होते. बायोस म्हणजे बोर्डाच्या अंगात कायम भरलेला छोटा प्रोग्राम, संगणक चालू होताच सर्वांची हजेरी घेणारा मुकादम म्हणा. त्याच्या यादीत या गड्याचे नाव नव्हते, म्हणून त्याने कामाला लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी जुना सेलेरॉन परत बसवला, त्याच्यावर संगणक चालू करून बायोस नवे केले आणि मग ई ७४०० घातला. या वेळी पहिल्या बटणाला पडदा उजळला. म्हणून क्रम लक्षात ठेवा : जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस नवे करावे, मगच तो काढावा. हे काम यूपीएस चालू असतानाच करावे. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या विजेचा भरवसा कोणी द्यावा?

बसवताना घ्यायच्या काळजीबद्दल थोडे. या जातीत प्रोसेसरला पिना नसतात. बारीक ७७५ पिना बोर्डावरच्या बैठकीत असतात. बोट किंवा फडक्याचा धागा लागून एक जरी वाकली तरी बोर्ड गेलाच म्हणून समजा. प्रोसेसर सरळ वरून अलगद ठेवावा, घासू नये. जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच लावावी. पंखा मात्र मोठा लागतो. सेलेरॉन ३५ वॅटचा होता, हा ६५ वॅटचा आहे. जुना बारका पंखा ठेवला असता तर दुपारी यंत्र तापून बंद पडले असते. उरणला आणखी एक भानगड दिसली. खाऱ्या हवेने मेमरीच्या पट्टीवरचे पितळी रंगाचे दात काळवंडले होते. शाळेतल्या साध्या खोडरबराने ते हलके पुसले. किनाऱ्यावर ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी संगणक 'मेला' म्हणून टाकण्याआधी एवढे जरूर करून पाहावे.

खर्च असा : प्रोसेसर पंख्यासह ६०० रुपये, पेस्ट १००, मेमरीच्या २ जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या ९००, नवी एसएसडी डिस्क १,८००. एकूण ३,४०० रुपये. लाँचचे आणि टॅक्सीचे भाडे जाणाऱ्यांनी स्वतः सोसले.

आता या दुरुस्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. विंडोज १० ची सुरक्षा दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर चालत नाही. म्हणून आपण त्यावर लिनक्स घातले. ते फुकट मिळते आणि मराठी टाइपही होते. डिजिटल सहीचे काम मात्र मुख्य कार्यालयातूनच होते. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले की या यंत्राचा शेवट आहे. दोन हंगाम निघावेत असा आमचा अंदाज आहे. अधिक निघाले तर ती वरकमाई.

काही सभासद म्हणतील, हे सगळे मोबाईलवर का नाही? हा विचार आपल्याआधी वारणेला झाला आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी केंद्र व राज्य सरकार आणि वारणा यांनी मिळून संगणक केंद्रांची मोठी योजना आखली. उसाच्या नोंदी आणि वजने शेतकऱ्याला गावातच कळावीत म्हणून. पुढे तीच यंत्रे जुनी झाली, आणि २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधन विभागाने सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले. कामही झाले. तेव्हा नुसते उसाचे वजन पाहायचे असेल तर घरच्या जुन्या यंत्रावर एक पैसाही घालू नका, खिशातला मोबाईल पुरे. उरणला दिवसात वीस-वीस गाड्यांची बिले छापून ड्रायव्हरच्या हातात द्यायची असतात, म्हणून तेथे टेबलावरचे यंत्र ठेवले.

ज्या सभासदांना आपले यंत्र सुधारण्याजोगे आहे का हे पाहायचे असेल, त्यांनी झाकण काढून मदरबोर्डावर छापलेला नंबर कागदावर उतरवून आणावा. संच उचलून आणू नये. बाजारात प्रोसेसर घेतला असेल तर त्याच्या टोपीवर कोरलेली 'एसएल'ने सुरू होणारी पाच अक्षरांची खूणही लिहून आणावी, म्हणजे सांगितलेला माल आणि दिलेला माल एकच आहे का ते पाहता येईल. शेतकी विभागाशेजारील संगणक कक्षात दर शनिवारी दुपारी यादी पाहून सांगितले जाईल. उरणचा जुना सेलेरॉन तेथेच कागदात गुंडाळून ठेवला आहे. बायोस नवे करताना कोणाचे अडले तर तो पोहोच देऊन मिळेल.