जुनी मोटार, नवी शक्ती

१९६१ साली इंग्लंडातील जॅग्वार कंपनीने ‘ई-टाइप’ नावाची वेगवान मोटार लोकांपुढे आणली. तिचे लांबट नाक व डौलदार बांधा पाहून जाणकारही मोहून गेले. पण त्या नाकाखाली पेट्रोलचे इंजिन होते, आणि पेट्रोल जळले की धूर निघणारच. मग इतकी सुंदर वस्तू नुसती संग्रहालयात उभी करावयाची काय?

२०१७ साली त्याच कंपनीने १९६८ सालची एक ई-टाइप विजेवर चालवून दाखविली. यातील खरी अडचण वजनाची. मोटारीच्या पुढील व मागील भागांवरील भार बदलला, की तिचा तोल बिघडतो आणि वळणावर ती नीट वळत नाही. म्हणून बॅटरीची पेटी इंजिनाएवढ्याच आकाराची व जवळजवळ तेवढ्याच वजनाची केली आणि ती इंजिनाच्याच जागी बसविली. तिच्यामागे, गिअरपेटीच्या जागी, विजेचे चलित्र आले. सांगाडा मुळीच बदलावा लागला नाही. मालकाच्या मनात आले, तर जुने इंजिन पुन्हा बसविता यावे, अशी ही योजना!

१९ मे २०१८ रोजी विंडसर येथे राजपुत्र हॅरी विवाहानंतर वधूसह अशाच विजेच्या ई-टाइपमधून निघाला. धूर नव्हता, इंजिनाचा तो भारदस्त आवाजही नव्हता. जुन्या मोटारींच्या शौकिनांना त्याची चुटपुट लागावी, हे साहजिकच आहे.