‘हॅज’ दिसला म्हणजे सहाय्यकारीच?

इंग्रजीच्या पेपरात ‘सहाय्यकारी क्रियापद अधोरेखित करा’ असा प्रश्न आला की पेन्सिल इज, हॅज, डिड यांच्याखाली आपोआप फिरते. पाठ केलेली यादी बरोबरच असते. पण नुसत्या यादीवरून शब्दाचे वाक्यातले काम कळत नाही.

गैरसमज १ : यादीतला शब्द नेहमी सहाय्यकारीच असतो.
वस्तुस्थिती : ‘शी हॅज फिनिश्ड द बुक’मध्ये हॅज फिनिश्डच्या मदतीला आला आहे. ‘शी हॅज टू ब्रदर्स’मध्ये दुसरे क्रियापदच नाही, म्हणून तिथे हॅजच मुख्य. वाक्याचा प्रश्न करून पाहा. पहिल्याचा होतो ‘हॅज शी फिनिश्ड द बुक?’, दुसऱ्याचा ‘डज शी हॅव टू ब्रदर्स?’ डजला बोलवावे लागले, म्हणजे मूळ वाक्यातला हॅज मुख्य होता. इज, वॉज यांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही. मुख्य असूनही ती प्रश्नात कर्त्याच्या आधी येतात. तिथे सोबत दुसरे क्रियापद आहे का, तेवढे बघावे. आपल्या ‘आहे’चेही तसेच : ‘टाकीत पाणी आहे’ आणि ‘नळाला पाणी येत आहे’.

गैरसमज २ : सहाय्यकारी एकच असते.
वस्तुस्थिती : ‘द ब्रिज मस्ट हॅव बीन रिपेअर्ड’मध्ये तीन आहेत : मस्ट, हॅव, बीन. मुख्य क्रियापद रिपेअर्ड, तेही सर्वांत शेवटी. मराठीत हेच ‘पूल दुरुस्त केला गेला असावा’ असे होते. अंदाज सांगणारा मस्ट तिकडे सुरुवातीला, आपला ‘असावा’ शेवटी. मराठीच्या सवयीने शेवटचा शब्द सहाय्यकारी धरला की उत्तर हमखास चुकते.

गैरसमज ३ : सहाय्यकारी मुख्य क्रियापदाला चिकटूनच असते.
वस्तुस्थिती : ‘हॅव यू एव्हर सीन अ टायगर?’मध्ये हॅव आणि सीन यांच्यामध्ये कर्ता आहे, क्रियाविशेषणही आहे. नॉट, नेव्हर, एव्हर यांखाली रेघ मारू नये. ती क्रियापदे नव्हेत.

गैरसमज ४ : ‘ही’ज’ म्हणजे ‘ही इज’.
वस्तुस्थिती : पुढचा शब्द बघा. ‘ही’ज ईटिंग’मध्ये इज आहे, ‘ही’ज ईटन’मध्ये हॅज. तसेच ‘ही’ड गो’मध्ये वुड, ‘ही’ड गॉन’मध्ये हॅड.

म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी मुख्य क्रियापद शोधा. सहाय्यकारी त्याच्या आधीच सापडेल.